अकरावं काडतूस

“मग नळी फाटली कशी, उस्ताद?”

विलास दळवीनं बंदुकीची फाटलेली नळी हसनउस्तादांपुढे ठेवली. शेजारी आलेखांचे दहा कागद.

उस्तादांनी चाळीस वर्षं परवान्याच्या बंदुका दुरुस्त केलेल्या. काडतूस भरायला विलास त्यांच्याकडेच शिकला. पुढे तो तंत्रनिकेतनात मास्तर झाला आणि गुरूचा नियम त्याला जुनाट वाटू लागला. नियम एवढाच, की भरणाऱ्यानं पहिला बार स्वतःच्या खांद्यावरून काढायचा.

विलासनं घरीच दाब मोजायचं यंत्र जुळवलं. नळीला तार चिकटवून ती संगणकाला जोडली, बंदूक फणसाला बांधली आणि दगडी गडग्याआडून चापाला बांधलेली दोरी ओढली. दहा बार झाले. दहाही वेळा दाब मर्यादेच्या आत. कागद दाखवायला आला, तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

अकरावं काडतूस धाकट्या भावानं, शरदनं, शेतात शिरलेल्या रानडुकरावर झाडलं. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

आता विलासचं मागणं एकच होतं. नळी गंजली होती, असं उस्तादांनी शरदला सांगावं. शरद स्वतःच तसं म्हणत होता, उलट दादाचीच समजूत घालत होता. पण ते खरं आहे असं कुणी जाणत्यानं सांगितल्याशिवाय ती माया विलासला सोसत नव्हती.

उस्तादांनी फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

“लोखंड चांगलं आहे.”

“म्हणजे माझं यंत्र चुकलं?”

“यंत्रही चांगलं आहे.”

उस्तादांनी कागद न बघताच बाजूला सारले. त्या दहांत दारू कशी भरली होतीस, असं विचारलं. तोलून, विलास म्हणाला. एकेक काडतूस दोनदा तोललं होतं.

“आणि अकरावं?”

“दहाही बरोबर आली होती… तराजू आवरून ठेवला होता. शरद दारात घाई करत होता. चमच्यानं, अंदाजानं भरलं.”

विलास रडत होता आणि उस्तादांनी त्याला रडू दिलं.

मग म्हातारा म्हणाला, “तू कागद आणलेस, त्या दिवशी मी विचारायला हवं होतं, बाकीची कशी भरणार म्हणून. मी चौथी शिकलेला, तू मास्तर. मूग गिळून बसलो. त्याची टोचणी मला मरेपर्यंत राहील.”

“शरदला काय सांगू, उस्ताद?”

उस्तादांनी नळी उचलून विलासच्या मांडीवर ठेवली.

“सांग त्याला, दहा यंत्रासाठी होती, ती तोलून भरली. अकरावं तुझ्यासाठी होतं.”