भाटेखारचे उशिराचे आमेन

भाटेखारच्या चर्चमध्ये प्रार्थना संपली की आमेन आधी बायका म्हणतात, मग पुरुष. एवढ्यावर भागत नाही. त्यानंतर फादर पुस्तक मिटून जरा वेळ उभे राहतात आणि सगळे लोक कान देऊन गप्प बसतात. नवखा माणूस गोंधळतो. कोणाची वाट पाहताहेत, ते त्याला कळत नाही. चर्चची राखण करणारे म्हातारे दुमिंगमामा मग त्याला बायकांच्या बाजूला, जमिनीत बसवलेल्या एका झिजलेल्या शिळेपाशी नेतात. तिच्यावर नवरा-बायकोची नावे आहेत. तिथे उभे राहून ते ही हकिकत सांगतात.

फार पूर्वी, फिरंग्यांच्या अमलात, गावात बस्त्याव नावाचा मुकादम होता, असे सांगतात. पाद्री कधीतरी होडीने यायचे; एरवी प्रार्थना बस्त्यावच चालवी. आवाज असा, की त्याने स्तोत्र धरले की खाडीपलीकडचे लोक हातातले काम थांबवत. आणि हे त्याला चांगलेच ठाऊक होते.

त्याचे दुखणे एकच: बायकांचे आमेन. या चर्चच्या चुन्यासाठी खाडीतल्या शिंपल्या बायकांनीच डोक्यावरून वाहिल्या होत्या, भट्टीही त्यांनीच लावली होती. त्यामुळे इथे त्या मोकळ्या गळ्याने म्हणत. पुरुषांचे आमेन संपले तरी त्यांचे लांबतच राही, आणि मुकादमाच्या आमेनचा गोड शेवट त्यात पार बुडून जाई. बायको मोनिक होती तोवर तो काही बोलला नाही, कारण सगळ्यांत लांब आमेन तिचेच असे. ती वारली, तिला चर्चच्या जमिनीत, बायकांच्या बाजूला, आधी गेलेल्या बायकांशेजारी पुरले, आणि मुकादमाला जोर चढला.

"यापुढं देवळात बाप्यांनीच बोलायचं," त्याने फर्मावले. "बायकांनी मनात म्हणावं. देवाला ऐकू येतं."

"मग तुम्हीपण मनातच म्हणा की, बाबा," त्याची एकुलती एक मुलगी इनास म्हणाली.

पुढच्या रविवारी बायका ओठ मिटून बसल्या. पुरुषांचे आमेन झाले. आणि त्यामागोमाग, नेहमीसारखेच, बायकांचे आमेन आले. पुरुष रागाने वळून बघतात तो काय, एकीचाही ओठ हललेला नव्हता. आवाज जमिनीखालून येत होता. त्यातला सगळ्यांत लांबलेला आवाज कोणाचा, ते बस्त्यावने तत्काळ ओळखले. तरी त्याने हुकूम मागे घेतला नाही. मुकादमाने शब्द फिरवला तर गाव काय म्हणेल, ही त्याला भीती.

मग खालच्या आवाजांत जिवंत बायकांचेही आवाज मिसळू लागले म्हणे. जिचा आवाज खालून येई, तिची वाचा त्या दिवसापासून बंद होई. अंगाया थांबल्या, विहिरीवरची भांडणे थांबली. सुरुवातीला काही नवरे खूशही झाले. मग घरातली ती शांतता त्यांना खायला उठली.

आणि एका रविवारी खालून इनासचा आवाज आला. घरी जाताना बस्त्यावने तिला हाक मारली. तिने वळून तोंड उघडले, पण नुसता श्वास बाहेर पडला. तिचे लग्न तोंडावर आले होते.

लग्नासाठी पाद्री आले. वेदीपुढे त्यांनी इनासला विचारले, या पुरुषाला राजीखुशीने पती म्हणून स्वीकारतेस का? तिने तोंड उघडले. उत्तर आले, तिच्याच आवाजात, पण मोनिकच्या शिळेखालून.

"होय."

मांडीवरची लेकरे रडायची थांबली. पाद्रींनी हातातले पुस्तक मिटले. ते म्हणाले, "वधूच्या स्वतःच्या मुखातून होकार आल्याशिवाय मला हे लग्न लावता येणार नाही. मुकादम, तिची वाचा कुठे गेली?"

बस्त्याव जागचा उठला आणि सगळ्या गावादेखत बायकांच्या बाजूला जाऊन शिळेवर पालथा पडला. "मोनिक, चूक माझी आहे गं. पोरीचा आवाज तिला देऊन टाक. घ्यायचाच तर माझा घे."

शिळा त्याच्या छातीखाली थरथरली, असे सांगतात. वेदीपुढून आवाज आला, घोगरा, पण इनासचाच: "होय." मग बाकीच्या बायकांचे गळे एकेक करून मोकळे झाले. पाद्रींनी आशीर्वाद दिला तेव्हा त्यांचे आमेन छपराला जाऊन भिडले. ते संपेपर्यंत एकाही पुरुषाची तोंड उघडायची छाती झाली नाही. मग पुरुषांनी म्हटले. बस्त्यावनेही तोंड उघडले. काहीच आले नाही. तो लेकीकडे पाहून हसला मात्र.

उरलेले आयुष्य तो त्या शिळेपाशी मुका बसून राहिला, आणि मेल्यावर त्याला तिच्याखालीच, मोनिकशेजारी ठेवले.

"ऐकू आलं तर घाबरू नका," दुमिंगमामा सांगतात, "आणि त्याच्या आधी उठूही नका. त्याची पाळी सगळ्यात शेवटी असते."

आजही बायकांचे होते, पुरुषांचे होते, फादर पुस्तक मिटून थांबतात. मग एखाद्या दिवशी शिळेखालून एकट्या पुरुषाचे आमेन येते. आवाज फार गोड आहे म्हणतात, पण ते कधीच लांबत नाही.