गाडी पळवणारा काटा

गाडीचे सुटे भाग आपापसांत गप्पा मारत, त्या काळची गोष्ट. यमुनाताईंच्या टर्बो गाडीत मेकॅनिकने हवेचा दाब दाखवणारा नवाकोरा बूस्टमीटर बसवला आणि इंजिनाकडून आलेली बारीक नळी त्याला जोडली. घाट लागला. ताईंनी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला, टर्बोने इंजिनात हवा कोंबली, मीटरचा काटा सर्रकन चढला आणि गाडी सुसाट सुटली.

"बघा, मी उठलो की गाडी पळते!" काटा आनंदाने थरथरला. "ताई, घट्ट धरून बसा!"

पुढच्याच वळणावर नळी निसटली. काटा धपकन शून्यावर आला.

"मेलो! गाडी थांबली!" तो किंचाळला. बाहेर झाडं तशीच मागे पळत होती.

शेजारचं बंद पडलेलं जुनं घड्याळ खुदकन हसलं. "बंद पडल्यावर मीसुद्धा अशीच बोंब ठोकली होती, बाळा. तरी संध्याकाळ झालीच."