गव्याची कबुली

डोंगराच्या एका उतारावर ऐन आणि हिरड्याचे दाट रान होते. त्या रानात एक गवा राहत असे. मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांनी गवा पाहिला नसेल त्यांना सांगतो : बैलापेक्षा कितीतरी थोराड, काळाकभिन्न आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा हा प्राणी असतो. आपला गवा पाणवठ्यावर आला की रानडुकरे आपणहून बाजूला होत. बिबट्यासुद्धा त्याला लांबून पाहून वाट बदलत असे. "गवेदादा आहेत तोवर आपल्याला कशाचं भय नाही," असे ससे एकमेकांना सांगत. ऐकून ऐकून गव्यालाही ते खरे वाटू लागले होते. आजवर त्याला कोणाशी लढावे लागले नव्हते की कशापासून पळावे लागले नव्हते. त्यामुळे आपण शूर आहोत याबद्दल त्याच्या मनात कधी शंकाच आली नाही.

त्याच रानात एक भेकर होते. भेकर म्हणजे बकरीएवढे लहानसे हरीण. ते फार भित्रे होते. पान सळसळले तरी ते कान टवकारी आणि कुत्र्यासारखे भुंकून साऱ्या रानाला सावध करी. रिकामा वेळ मिळाला की ते वाटा हुंगत हिंडे. कुठून निसटता येईल, कोणत्या झुडपाखालून अंग चोरून जाता येईल, हे पाहून ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एकदा गवा त्याला म्हणाला, "अरे, सदानकदा जीव मुठीत धरून जगतोस. तुला स्वतःची लाज नाही वाटत?" भेकर म्हणाले, "वाटते कधीकधी. पण भीती त्याहून जास्त वाटते." गवा मोठ्याने हसला आणि आपल्या वाटेने निघून गेला.

त्या वर्षी चैत्रात ऊन फार कडक पडले. एका दुपारी रानाच्या वरच्या अंगाला कारवीच्या वाळलेल्या दांड्यांनी पेट घेतला. बघता बघता वणवा उताराने खाली येऊ लागला. गवा तेव्हा एका ऐनाच्या सावलीत रवंथ करत उभा होता. धूर नाकात शिरला, मागे काहीतरी तडतडले, आणि पुढे काय झाले ते त्याला कळलेच नाही. त्याचे पायच धावू लागले. डोंगराला वळसा घालणाऱ्या रुंद वाटेने तो सुसाट खाली गेला आणि थेट ओढ्याच्या पाण्यात जाऊन थांबला. मागे कोण राहिले, हे त्याने एकदाही वळून पाहिले नाही. धूर इतका होता की त्याला पळताना कोणी पाहिलेही नाही.

ओढ्यात उभा राहिल्यावर त्याचा श्वास थाऱ्यावर आला. मग त्याने डोंगराकडे पाहिले. ज्या वाटेने तो आला होता तिच्यावर आता आग पसरली होती. वरून पिल्लांचे ओरडणे ऐकू येत होते. त्याच्या मनात आले, 'मी पळालो. कोणाला हाकसुद्धा न मारता पळालो.' एवढे मोठे अंग कुठे लपवावे, हे त्याला कळेना. तो मान खाली घालून पाण्याकडे पाहत राहिला.

इतक्यात समोरच्या घळीच्या तोंडाशी असलेल्या करवंदीच्या जाळीखालून भेकर सरपटत बाहेर आले. काट्यांनी त्याची पाठ ओरबाडली होती. ते धापा टाकत म्हणाले, "दादा, बरं झालं तुम्ही भेटलात. सगळ्यांना मी या घळीतून खाली आणलंय. आग न लागलेली ही एकच वाट उरली होती. ससे माझ्यामागून येतील, पण सांबरीण आहे, तिचं पाडस आहे, रानडुकरं आहेत. ती या जाळीतून निघत नाहीत. आग घळीच्या वरच्या टोकाला पोचली आहे. ही जाळी तुमच्याशिवाय कोणाच्यानं मोडायची नाही."

गव्याने घळीकडे पाहिले. जाळीच्या वर धुराचा लोट उठत होता. त्याचे पाय पाण्यात रुतल्यासारखे झाले.

"मी पळून आलोय," तो हळूच म्हणाला. "तुला वाटतं तसा मी नाही. मला फार भीती वाटते आहे."

भेकर हसले नाही, की टोचूनही बोलले नाही. "मला तर रोजच वाटते," ते म्हणाले. "ती जायची वाट पाहत बसलो असतो तर मी एक पाऊलसुद्धा टाकलं नसतं. ती राहू द्या बरोबर. चला."

गवा पाण्यातून बाहेर आला. भीती गेली नव्हती, डोळ्यांत धूर जात होता, पण भेकर पुढे चालत होते आणि तो त्याच्यामागून चालत होता. जाळीपाशी येताच त्याने डोके खाली केले आणि सारे अंग तिच्यावर लोटले. काटे त्याच्या खांद्यांत घुसले. दोनदा तो मागे सरला आणि दोनदा पुन्हा आत घुसला. तिसऱ्या वेळी जुनी खोडे कडाकडा मोडली आणि वाट झाली. आधी सांबरीण आणि तिचे पाडस निघाले, मग रानडुकरे, मग ससे. घळीत कोणी उरले नाही, हे भेकराने पाहून आल्यावरच गवा तिथून हलला.

संध्याकाळपर्यंत वणवा ओढ्याकाठी येऊन विझला. सारे प्राणी पलीकडच्या काठावर जमले. सांबरीण गव्यापुढे येऊन म्हणाली, "दादा, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही आधीच खाली येऊन वाट मोकळी करायला उभे राहिलात, म्हणून माझं पाडस वाचलं." ससे म्हणाले, "आम्ही म्हणतच होतो, गवेदादांना भीती ठाऊकच नाही." गव्याने भेकराकडे पाहिले. भेकर पाठीवरच्या जखमा चाटत बसले होते. खरे काय घडले ते त्या एकट्यालाच माहीत होते, आणि ते बोलणार नव्हते, हेही गव्याला कळले.

गवा म्हणाला, "मी वाट मोकळी करायला आलो नव्हतो. आग दिसताच तुम्हा सगळ्यांना टाकून मी पळून आलो होतो. भेकर मला न्यायला आलं नसतं तर मी अजून पाण्यातच उभा असतो. ताकद माझ्यात आहे आणि भीतीही आहे, हे मला आज कळलं. भेकरभाऊ, तुला मी हसलो होतो. तू मात्र मला माझी ओळख करून दिलीस आणि वर माझी लाजही राखलीस. हे मी जन्मभर विसरणार नाही."

सांबरिणीने पुढे होऊन आधी भेकराची पाठ चाटली, मग गव्याच्या खांद्यातला काटा दातांनी ओढून काढला.

एक म्हातारा ससा गव्याजवळ सरकून म्हणाला, "दादा, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कधीच कळलं नसतं."

"पण मला कळलं होतं ना," गवा म्हणाला, आणि मोकळ्या अंगाने तो खाली बसला.

तात्पर्य : दुसऱ्यांच्या स्तुतीने आपण स्वतःला विसरतो आणि कठीण प्रसंगाने स्वतःला ओळखतो; म्हणून अशा प्रसंगाचे, आणि त्या वेळी आपला हात न सोडणाऱ्या सोबत्याचे, नेहमी उपकार मानावेत.