दोरीचं दुसरं टोक

ज्या काळी पंचक्रोशीत एकच फटफटी होती आणि तिचा आवाज आला की आधी कोंबड्या पळत आणि मागून माणसं, त्या काळातली ही गोष्ट. गावाचं नाव विचारू नका. घाटाच्या पायथ्याशी असतं तसं एक गाव होतं आणि त्या गावात एक मिस्त्री होता.

मिस्त्रीच्या हाताला यश होतं. रहाट, चरक, सायकली, पाणी उपसायची इंजिनं, जे बंद पडे ते त्याच्या दारात येई आणि चालू होऊन जाई. लोक म्हणत, "ह्याच्या डोळ्यातच ओळंबा हाय." चारचौघांत असं फार वेळा म्हटलं गेलं की माणसाला ते खरं वाटू लागतं. मिस्त्रीलाही वाटू लागलं.

त्याच्या गुरूनं त्याला एक रीत शिकवली होती. दुचाकीचा सांगाडा दुरुस्त झाला की रंग देण्याआधी दोरी धरायची. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणायची, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. मागचं टोक मिस्त्रीनं धरायचं, पुढचं मालकानं. दोन्ही बाजूंनी दोरी पुढच्या चाकाला सारखी टेकली तर सांगाडा सरळ. एकीकडे फट राहिली तर वाकडा. मालकानं ते आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच रंगाचा डबा उघडायचा.

ती एकुलती एक फटफटी गावच्या वैद्याची होती. दूरच्या कुठल्याशा शहरातून ती मार खाऊनच आली होती, हँडलच्या खालची नळी वाकलेली. मिस्त्रीनं ती भट्टीत तापवली, ओढली, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "झाली सरळ."

वैद्यानं दोरी मागितली. मिस्त्री हसला. "वैद्यबुवा, तुमी नाडी बघताना दुसऱ्या कुणाला इचारता का?"

वैद्य भला माणूस, ओशाळला. नळीला एक बारीक सुरकुती राहून गेली होती. मिस्त्रीनं ती लांबी भरून बुजवली, दारं-खिडक्यांच्या भेगा बुजवतात तशी, आणि वरून काळाभोर रंग दिला. रंग असा चमकत होता की गाव बघायला आलं.

वर्षभरानं घाटाच्या तिसऱ्या वळणावर वैद्य दरीत गेला.

"वेगाचं वेड व्हतं," गाव म्हणालं. वैद्याची बायकोही तेच म्हणे. रडून झालं की चिडून म्हणे, "वाऱ्याशी शर्यत लावायला गेले. घरी बायको-पोर आहे, हे आठवलं नाही." मिस्त्री तिरडीला खांदा द्यायला होता. त्यानं ते ऐकलं आणि मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं घातली.

बारा वर्षं फटफटी गोठ्यात पडून राहिली. तोवर वैद्याची लेक वैद्यकी शिकून तयार झाली. घाटावर सात वाड्या होत्या. तिथं पायी पोचेपर्यंत दुखणाईत संपलेला असे. शेवटी एके दिवशी तिनं ती फटफटी बैलगाडीत घालून मिस्त्रीच्या दारात आणली.

"मिस्त्रीकाका, दरीतून काढली तशीच आहे. सांगाडा वाकला असेल, नसेल, मला कळत नाही. वाकला असेल तर सरळ करा. महिना लागू दे, वर्ष लागू दे." मग ती जरा थांबली. "आणि बाक असला तर तो पडल्यावर आला की आधीचाच होता, तेवढं सांगा. आई बाबांना फार बोलते हो."

ती गेल्यावर मिस्त्री रंग खरवडायला बसला. हँडलच्या खाली पातं लागलं आणि रंगाबरोबर लांबीचं एक ढेकूळ निघून आलं. त्याचीच लांबी. खाली सुरकुती होती, आणि ती आता नुसती सुरकुती राहिली नव्हती, नळीला घडी पडत चालली होती.

माणूस स्वतःशी खोटं बोलू लागला की 'कदाचित' हा शब्द फार कामाला येतो. कदाचित तेव्हा सांगाडा सरळच असेल. कदाचित दरीतच वाकला असेल. कदाचित आताही तेवढा वाकलेला नसेल. भट्टी होती, कोळसा होता, हात होते. वाकडी नळी कापून नवी बसवायचं काम त्याला डोळे झाकून येत होतं. पण कापलेला तुकडा मालकाच्या हातात द्यायचा, हीही गुरूचीच रीत. आणि ती पोरगी अशी की तो तुकडा उलटासुलटा करून बघणार, विचारणार. त्यानं पुन्हा लांबी कालवली. मला त्याची कीव येत नाही, पण तो कसा घाबरला असेल ते मला कळतं.

चाकं बसली. रंगाआधी लेक दोरी घेऊन उभी राहिली. आता नाही कसं म्हणणार? मिस्त्री मागच्या चाकाशी बसला. डावीकडून दोरी ताणली, ती पुढच्या चाकाला टेकली. उजवीकडून ताणली, तर पुढे चांगली दोन बोटं फट.

लेक वाकून बघणार तेवढ्यात मिस्त्रीनं मागे चाक आणि दोरी यांच्यामध्ये आपला अंगठा सरकवला. मागचं टोक बाहेर गेलं, तशी दोरी तिरकी होऊन पुढचं आत आलं आणि फट मिटली.

"टेकली, काका!" लेक म्हणाली. "सरळ आहे!"

"सरळच हाय, पोरी. दरीचा मार चाकानं खाल्ला, सांगाड्याला काय बी झालं न्हाई."

"म्हणजे बाबाच वेगात होते," ती हळूच म्हणाली. मिस्त्रीनं रंगाचा डबा उघडला.

चार दिवसांनी ती परत आली. "काका, गाडी डावीकडे ओढतेय."

"टायर नवं हाय. बसंल."

महिन्यानं पुन्हा आली. "अजून ओढतेय हो."

"तुझा हात बसला न्हाई अजून. जरा उजवीकडं रेटून धरत जा." तिनं तसं धरायला सुरुवात केली. ज्याच्यावर भरवसा असतो त्याचं चुकलेलं माणूस आपल्या अंगावर घेतं.

माघातल्या एका सकाळी वरच्या वाडीतून सांगावा आला. बाळंतीण अडली होती. लेक पिशवी घेऊन निघाली. तिसऱ्या वळणावर, कोरड्या रस्त्यावर, घडी पडलेली नळी तुटली. वर बाळंतिणीनं दुपारपर्यंत वाट पाहिली, त्याहून जास्त तिला पाहता आली नाही. लेक, बाळंतीण आणि पोटातलं मूल, एका नळीनं त्या दिवशी तीन जीव नेले.

तिन्हीसांजेच्या आत लोकांनी लेकीला घरी आणलं. फटफटी आईच्या नजरेला पडू नये म्हणून मिस्त्रीच्या अंगणात टाकली. पण आई तिथंच आली. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "बापासारखीच. रक्तातच वेग व्हता."

"मी सांगत होते तिला," आई म्हणाली. तिचा आवाज पार कोरडा होता. "हळू जा म्हणून रोज सांगत होते. माझं ऐकायचंच नाही असं दोघांनी ठरवलं होतं."

तेव्हा मिस्त्रीच्यानं ऐकवेना. तो गुडघ्यावर बसला, पातं घेतलं आणि नळीच्या तुटक्या तोंडाशी रंग खरवडला. रंगाखालून लांबी निघाली, लांबीखालून जुनी काळी घडी. "वहिनी, पोरीचा दोष न्हाई. वैद्यबुवांचा बी न्हाई. ह्यो बाक पयल्यापास्नं हाय. तवा म्या दोरी धरली न्हाई. अवंदा धरली, पर मधी अंगठा घातला."

आईनं विचारलं, "केवढी फट होती?"

मिस्त्रीनं दोन बोटं वर केली.

आईनं स्वतःची दोन बोटं शेजारी शेजारी धरली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "एवढीच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी बारा वर्षं मी त्यांना बोल लावले?" अंगणात दोरी पडली होती. लेकीनं धरलं होतं ते टोक तिनं उचललं, पदरानं पुसलं, परत जमिनीवर ठेवलं आणि ती घरी गेली.

गावानं मिस्त्रीला शिक्षा केली नाही. कुणी शिवी दिली नाही, दुकान जाळलं नाही. त्यानं मात्र एकट्यानं ती फटफटी पुन्हा उघडली. तुटकी नळी काढून टाकली, नवी बसवली, तापवली, ओढली. आयुष्यात केलं नव्हतं एवढ्या मनापासून ते काम केलं. मग दोरीचं मागचं टोक धरून तो रस्त्याकडे तोंड करून बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणे, "अवो, येवढं टोक धरा. घडीभरच धरा."

लोक बघत आणि पुढे जात. त्यानं पुढचं टोक खुंटीला बांधून पाहिलं, पण खुंटीला काय दिसणार? आणि स्वतःच्या डोळ्यावर तर त्याचाच विश्वास उरला नव्हता. तो म्हातारा होऊन मेला तेव्हाही फटफटी अंगणात बिनरंगाची उभी होती. ती सरळ झाली होती की वाकडीच राहिली होती, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

पोरांनो, आणि पोरांच्या आईबापांनो, गोष्ट विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका: वाकलेलं कबूल केलं तर ते भट्टीत सरळ होतं, रंगाखाली झाकलं तर कुणाचा तरी जीव घेऊनच उघडं पडतं.