मधल्या धारेतले खडे

त्या मुलखात नदी एकच होती. सगळे अलीकडच्या काठावर राहत आणि हिवाळ्यातलं खाणं मात्र पलीकडच्या काठावर उगवे. ज्यांना पंख होते त्यांना ही व्यवस्था उत्तम वाटे. ज्यांना नुसते पाय होते ते पोहून जात, आणि त्यातले काही दर हिवाळ्यात परत येत नसत.

फार पूर्वी नदीकाठी कासवांचा एक मठ होता. ती कासवं पायवाल्यांना पाठीवर बसवून पार नेत आणि वाटेत प्रवचन ऐकवत. प्रवचन कंटाळवाणं असे, पण पाठ भक्कम होती. पुढे एका राजाला वाटलं की कासवं फार सुस्तावली आहेत. मठाचं तळंही त्याच्या डोळ्यांत भरलं होतंच. कासवं गेली, तळं राजाकडे आलं, आणि फर्मान निघालं की ज्या त्या राईने आपापले गरीब सांभाळावेत. त्यानंतर कित्येक पिढ्या प्रत्येक राई आपले गरीब हे खरं तर शेजारच्या राईचे आहेत, असं मोठ्या हिरिरीने सिद्ध करत राहिली.

मग मोरांचा काळ आला.

नीलकंठराव मोर खरोखर मऊ मनाचे होते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्यांची थोडी थट्टा होणार आहे. एका थंडीत त्यांनी धारेत वाहून जाणारा ससा पाहिला आणि त्यांना कित्येक दिवस दाणा गोड लागला नाही. त्यांनी ठरवलं की नदीत दगड टाकायचे, म्हणजे पायवाले त्यांवरून उड्या मारत पार जातील. कल्पना झकास होती. लगेच नदीपार साहाय्यक मंडळ स्थापन झालं. बगळे चिटणीस झाले, कारण एका पायावर उभं राहून आख्खी सभा ऐकणं दुसऱ्या कोणाला जमत नसे.

दगड मऊ आणि पांढरा निवडला, कोरायला सोपा म्हणून. प्रत्येक दात्याने दगडावर आपलं नाव कोरलं, आणि नावाखाली त्यावर कोणी पाय ठेवावा तेही कोरलं. दान सत्पात्री पडलं पाहिजे, याबद्दल सर्वांचं एकमत होतं. नीलकंठरावांचा दगड विधवांसाठी होता. त्यापुढचा, बदकीणबाईंचा, नवरा हयात असलेल्या सुशील गृहिणींसाठी. तिसरा अनाथांसाठी आणि चौथा, आंबलेल्या सफरचंदांचा रस जन्मात न चाखलेल्यांसाठी. एवढ्या अटी एकाच जिवात जमून येणं कठीण होतं. पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण दात्यांपैकी कोणाला त्या दगडांवरून जायचंच नव्हतं.

शिवाय नाव काठावरून वाचता यायला हवं, म्हणून सगळे दगड काठालगतच पडले. वार्षिक मेजवानीला पाहुणे ओळीने उभे राहत, नावं वाचत आणि माना डोलवत. पलीकडच्या काठाशी पाणी उथळच होतं. मधोमध जिथे धार खोल होती, तिथे मात्र एकही दगड नव्हता. तिथलं नाव वाचणार कोण?

साळूबाई नावाची एक साळिंदर होती. तिचा नवरा आदल्या हिवाळ्यात त्याच धारेत गेला होता. बिळात तीन पिल्लं होती, आणि कंद पहिल्या बर्फापर्यंत पुरतील एवढेच. पोहताना आपण बुडालो तर पिल्लांचं काय, आणि गेलोच नाही तर पिल्लांचं काय, हे दोन प्रश्न तिला आलटून पालटून छळत. शेवटी ती मंडळाच्या सभेत जाऊन उभी राहिली.

"अर्जदार बाई विधवा आहेत का?" बगळे चिटणीसांनी विचारलं.

"आहे की. तुमच्या नदीनेच केलं."

"मग पहिल्या दगडावर आपला पूर्ण अधिकार आहे."

"त्यावर उभी राहून करू काय?" साळूबाई म्हणाली. "मधे एक दगड टाका, साहेब. नावासकट टाका. माझी ना नाही."

नीलकंठरावांचे डोळे भरून आले. सभेने साळूबाईंबद्दल सहानुभूतीचा ठराव एकमताने मंजूर केला, मधल्या दगडाचा विषय वसंतातल्या बैठकीकडे सोपवला, आणि चहा आला. साळूबाईलाही एक कप मिळाला. चहा चांगला गरम होता. तो मंडळासकट नदीत ओतावा असं तिला फार वाटलं, पण ती तो पिऊन, आभार मानून निघाली.

वाटेत ती चिचुंद्री आक्काच्या बिळात शिरली. तिथे पायवाले रोज संध्याकाळी आंबलेला रस घेत बसत आणि मंडळाच्या नावाने बोटं मोडत.

"वसंतात काय माझी हाडं पार करणार हे?" साळूबाई म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

आक्काने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "मोठा दगड आपल्या बापाला उचलायचा नाही. पण खडा तर कोणीही उचलेल. खडेच टाकू."

"टाकायला मधपर्यंत पोचायला नको? चारही दगडांवर चालेल असं आहे कोण आपल्यात?"

"एकटं कोणी नाही," आक्का म्हणाली. "पण पहिल्यावर तू चालतेस. दुसऱ्यावर मी, माझा म्हातारा घरात घोरतोय अजून. आणि अनाथ तर काय, पैशाला पासरी आहेत."

चौथ्या दगडासाठी मात्र सगळी राई पालथी घालावी लागली. अखेर एक म्हातारी मेंढी सापडली. रसाचा वास सहन होत नाही म्हणून तिने तो कधी चाखला नव्हता. तिच्या सद्गुणाची त्या दिवसापर्यंत कोणी दखल घेतली नव्हती. ती इतकी खूश झाली की सगळ्यांच्या आधी नदीवर जाऊन बसली.

सकाळी सगळे काठालगतच्या संथ पाण्यातून पोहत जाऊन आपापल्या दगडावर उभे राहिले. काठावरून खडा निघे तो साळूबाईकडून आक्काकडे, आक्काकडून एका पोरक्या सशाकडे, सशाकडून मेंढीकडे जाई, आणि मेंढी तो धारेत सोडी. बगळे चिटणीस धावत आले. त्यांनी एकेकाची कसून तपासणी केली.

"आपण अनाथ?"

"हो जी."

"आणि आपण कधी रस?"

"शी!" मेंढी म्हणाली.

एकही नियम मोडलेला नव्हता. चिटणिसांना आयुष्यात इतकं बेचैन कधी वाटलं नव्हतं.

सुरुवातीला धारेने सगळे खडे गिळले. तरी रांग रोज लागे, कारण रांगेत मजा येऊ लागली होती. ज्यांना कुठलाच दगड लागू पडत नव्हता ते काठावर खडे वेचत आणि दमलेल्यांच्या जागी तसेच दुसरे कोणी शोधून आणत. मंडळाच्या नावाने बोटं मोडायची ती आता काम करता करता मोडली जात, म्हणजे तीही सोय झाली. आणि पानगळ संपता संपता एका सकाळी मधल्या धारेतून खड्यांची ओली पाठ वर आली.

त्याच दिवशी बर्फ पडायला लागलं. साळूबाई पिल्लांना घेऊन आली. पहिला दगड तिने ओलांडला, तोच बगळे चिटणीस आडवे आले.

"थांबा. हा दगड नवरा हयात असलेल्यांचा आहे."

"असं कुठंय?"

"कोरलेलं आहे!" असं म्हणून चिटणीस वाकले. मान आणखी खाली गेली. चोच दगडाला टेकली. पानगळभर त्या मऊ दगडावर ओले पाय आणि खरखरीत खडे घासले गेले होते. अट गेली होती, नावही गेलं होतं. त्यांनी पुढचा दगड पाहिला, मागचा पाहिला.

"तुमचं वाचून होईपर्यंत मी जाऊन येते," साळूबाई म्हणाली.

मधल्या धारेपाशी ती थांबली. नवरा इथेच गेला होता. पायाखालचे खडे थोडे हलले, पण तिला तोलून धरलं त्यांनी. ती तिथे घटकाभर रडली, मग मागे वळून तिने पिल्लांना हाक मारली. त्यांच्यामागून सगळी राई निघाली. बगळे चिटणीस अजूनही पाण्यात मान घालून उभे असतात, असं म्हणतात.

धार रोज थोडे खडे नेते. म्हणून जो पार जाईल त्याने एक खडा न्यावा आणि मधे टाकावा, असा रिवाज पडला.

बऱ्याच वर्षांनी एका हिवाळ्यात नीलकंठरावांचे पंख उघडेनात. ते चालत नदीवर आले. सवयीने थेट रांगेच्या तोंडाशी गेले. सगळ्यांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते मुकाट्याने मागे येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे साळूबाई आली, आता चांगलीच म्हातारी झालेली. तिने पंजाने काठावरचे खडे दाखवले. नीलकंठरावांनी बराच वेळ निवड करून एक निळसर, तुकतुकीत खडा चोचीत घेतला.

पहिल्या दगडावर त्यांनी खाली पाहिलं. दगड पांढरा आणि गुळगुळीत होता. ते मधल्या धारेपर्यंत पोचले आणि थबकले. आपला खडा कुठे ठेवला तर काठावरून दिसेल, हे बघायला त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"चला, रावसाहेब," मागून साळूबाई म्हणाली. "मागे रांग आहे."

काहीतरी सांगायला नीलकंठरावांनी चोच उघडली, आणि खडा खाली पडला. साळूबाईने आपला त्यावर टाकला, आणि रांग पुढे सरकली.