शेंगांचे दोन ढीग

एकदा एक मिस्त्री आपल्या वृद्ध वस्तादांकडे मोठी विचित्र तक्रार घेऊन गेला. म्हणाला, "वस्ताद, माझे हात मंद झालेत."

हा मिस्त्री एका तेलगिरणीत यंत्रांची दुरुस्ती पाहत असे. हाताखाली चार माणसे होती. गिरणीतला मोठा घाणा अधूनमधून थांबायचा. यंत्र म्हटले की ते आलेच. पण थांबलेला घाणा पुन्हा फिरू लागायला इतका वेळ लागे की शेठजींचा धीर सुटला होता. "दिवाळीपर्यंत यात फरक पडला नाही, तर दुरुस्ती मी बाहेरच्या कंत्राटदाराला देणार," असे त्यांनी स्पष्ट बजावले होते. म्हणजे मिस्त्री घरी, आणि त्याच्याबरोबर ती चार माणसेही घरी. बिचाऱ्याने मग घाईचा सपाटा लावला. स्वतः पळे, माणसांना पळवी, एक नट निघतो न निघतो तोच दुसऱ्यासाठी ओरडे. या धांदलीत आदल्या दिवशी एकाचे बोट चेंगरले, आणि घाणा मात्र होता तेवढाच वेळ उभा राहिला. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, दुसरे काय!

"या हातांना वळण तुम्हीच लावलंत," मिस्त्री म्हणाला. "आता काही युक्तीही तुम्हीच सांगा. चार घरांचा प्रश्न आहे."

वस्तादांनी त्याचे हात उलटसुलट करून पाहिले आणि चपला पायांत सरकवल्या.

गिरणीत गेल्यावर ते घाण्याला कान लावतील, एखादा पट्टा चाचपून पाहतील, अशी मिस्त्रीची अपेक्षा होती. वस्तादांनी घाण्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी दोन सुपे आणि टोपलीभर भुईमुगाच्या शेंगा मागवल्या आणि एका बाजूला गोणपाटावर मांडी घालून बसले. तोंडात एकही दात नसलेला म्हातारा शेंगा घेऊन बसलेला पाहून कामगारांना हसू आवरेना. मिस्त्रीला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"तू तुझ्या कामाला जा," वस्ताद म्हणाले. "घाणा थांबला की मी माझं काम सुरू करीन."

दुपारी घाणा थांबला. मिस्त्री तेव्हा मागच्या अंगणात पंप पाहत होता. बोलावणे येताच तो धापा टाकत पोहोचला. पाहतो तो वस्ताद डाव्या सुपात एकेक शेंग टाकताहेत, जपमाळेचे मणी ओढावेत तशा संथ, सारख्या लयीत. सुपात बऱ्यापैकी ढीगही झालेला.

"हे कधीपासून चाललंय?"

"घाणा थांबल्यापासून."

"पण मी तर आत्ता आलो!"

"हो, पाहिलं ना मी तुला येताना."

वाद घालायला सवड नव्हती. बेअरिंग जळाले होते. हत्यारांच्या कपाटाला कुलूप, किल्ली कारकुनाकडे आणि कारकून जेवायला गेलेला. त्याला शोधून पाने आणले, तर नवे बेअरिंग कोठीत. आणि कोठीतली वस्तू शेठजींच्या होकाराशिवाय हलवायची नाही, हा गिरणीचा दंडक. शेठजी व्यापाऱ्यांशी बोलत बसलेले. मिस्त्री दारात घाम पुसत उभा राहिला. इकडे वस्तादांच्या शेंगा डाव्या सुपात पडतच होत्या. अखेर जेव्हा पाना नटाला लागला, तेव्हा कुठे त्यांनी हात उजव्या सुपाकडे वळवला. मिस्त्री आणि त्याची माणसे कामाला भिडली. बघता बघता घाणा घरघरू लागला.

"ये, बैस," वस्ताद म्हणाले.

उजव्या सुपात मूठभर शेंगा होत्या. डावे सूप ओसंडून शेंगा गोणपाटावर सांडल्या होत्या.

"ही मूठ म्हणजे तुझे हात. मंद नाहीत रे ते, चांगले चपळ आहेत. आणखी पळवशील तर यातल्या दोन-चार शेंगा कमी होतील आणि आणखी एखाद्याचं बोट जाईल. हा ढीग मात्र तसाच राहील, कारण तू तो कधी मोजलाच नाहीस. तुझं घड्याळ पाना नटाला लागला की सुरू होतं. घाण्याचं तो थांबला की सुरू होतं. जे मोजलंच नाही, ते कमी कसं व्हायचं?"

मिस्त्रीला पहिल्यांदा काय वाटले असेल, तर सुटल्यासारखे वाटले. इतके दिवस तो स्वतःच्या हातांना दोष देत होता! पण लगेच त्याला ढिगाचा तळ आठवला. "वस्ताद, किल्ली आणि कोठी मी समजलो. पण मी येण्याआधीच्या शेंगा? मला लगेच का नाही बोलावलं?"

वस्तादांनी घाणा चालवणाऱ्या केरबाकडे पाहिले. केरबा मान खाली घालून म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही आल्या आल्या पहिलं इचारता, 'कुणी मोडला?' मग ज्याच्या हातनं थांबला, त्याचं नाव फाटकापाशी फळ्यावर लिवता. म्हणून वाटतं, आधी आपणच खटपट करून बघावं. चालू झाला तर कुणाला कळायचं न्हाई."

फळ्याची ती पद्धत मिस्त्रीनेच पाडली होती, शिस्त लागावी म्हणून. तो उठला आणि त्याने फाटकाजवळचा फळा स्वतःच्या हातांनी पुसला.

घाण्याचा आवाज ऐकून शेठजीही येऊन उभे राहिले होते. सुपांकडे पाहत त्यांनी सावधपणे विचारले, "यातल्या माझ्या शेंगा किती?"

"वेगळ्या काढायला बसलो, तर संध्याकाळ होईल शेठजी," वस्ताद हसून म्हणाले.

शेठजी हाडाचे व्यापारी होते. त्यांना हिशोब पुन्हा सांगावा लागला नाही. त्याच दिवशी हत्यारे घाण्याशेजारच्या भिंतीवर टांगली गेली, नेहमी लागणारे सुटे भाग तिथेच एका पेटीत आले, आणि ते घ्यायला मिस्त्रीला कोणाला विचारण्याचे कारण उरले नाही. दिवाळी आली आणि गेली. कंत्राटदाराचे नाव पुन्हा निघाले नाही. चारही माणसे कामावर राहिली, आणि मिस्त्री कित्येक महिन्यांनी पोटभर, निवांत जेवू लागला.

पण वस्तादांचे बोलणे त्याला खऱ्या अर्थाने उमगले ते दिवाळीनंतर. एका सकाळी घाणा थांबला मात्र, तोच केरबाची हाक गिरणीभर घुमली, "मिस्त्री, थांबला!"

मिस्त्री आला. त्याने विचारले, "काय झालं?"

"माझंच चुकलं," केरबा म्हणाला. "पट्टा मगाशी लई ताणून बसवला मी. डाव्या अंगाला कायतरी तापलंय बघा."

त्या गिरणीत असे वाक्य आजवर कोणी उच्चारले नव्हते. चूक कोणाची हे त्याला न विचारता कळले होते, आणि हात नेमका कुठे घालायचा तेही. त्याने भिंतीवरचा पाना काढला आणि डावीकडे वळला.

ज्या घरात 'कोणी मोडले?' हे आधी विचारतात, त्या घरात मोडलेले फार काळ लपून राहते.