पोट उघडायची हत्यारं

"पण बाई, दुर्बिणीनं होत असताना पोट उघडायचं नाव कशाला काढायचं?"

तरुण सर्जन शार्दूलनं पुन्हा विचारलं. हा प्रश्न नव्हता, तक्रार होती.

ऑपरेशन थिएटरबाहेर त्याच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हात बरा बसला होता त्याचा, पण हातापुढं जीभ धावायची.

आणि आजच्या पेशंटचं, सगुणाचं दुखणं काही साधं नव्हतं. गाठींनी गर्भपिशवी नारळाएवढी झालेली, ती आज काढायची होती. दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं की बाई पांढरीफटक पडली होती. त्यात आधीची दोन सिझर.

खानोलकरबाई बाकावर बसून ऐकत होत्या. शार्दूलसारखे कित्येक सर्जन त्यांच्या हाताखाली तयार झाले होते.

"पोट उघडायची हत्यारं कुठायत?"

"सिस्टरना ठेवून द्यायला सांगितली. लागणार नाहीत."

बाईंनी तो कापडात बांधलेला जड ट्रे मागवला आणि त्याच्याच हातांत दिला.

"आत आतडं चिकटलेलं असलं तर?"

"सोडवीन."

"रक्त सुटलं तर?"

"थांबवीन."

"नाही थांबलं तर?"

"मग... उघडीन पोट."

"हे तिला सांगितलंस?"

"उगाच घाबरली असती, बाई."

बाईंनी ट्रे परत घेतला नाही. त्याच्या हातांना रग लागली. शेवटी ट्रे बाकावर ठेवून तो वॉर्डात गेला.

"सगुणाताई, दुर्बिणीनं नाही जमलं तर मोठी चीर द्यावी लागेल. रक्तही लागेल. हे मी सांगायला हवं होतं."

सगुणा उठून बसली.

"तुमी म्हणलात बारीकसंच हाय... म्हणून भावाला माघारी धाडलं. बोलावते त्याला. रक्त लागलं तर तो दील."

मग म्हणाली, "चीर पडू द्या हो, डॉक्टर. मला घरी जायचंय, तेवढं बघा."

शस्त्रक्रियेची भीती शार्दूलला कधी वाटली नव्हती. आज वाटली, आणि स्वतःची लाजही वाटली.

तो परत आला तो पाय ओढतच.

"बाई, तिचा भाऊ येईपर्यंत थांबू या. पण... आता माझंच मन धजत नाही. तुम्हीच सांगा. दुर्बिणीनं करू, की उघडून?"

बाई बाकावरून उठल्या.

"आता कशानंही कर."